बोर्डाच्या पोटातले बिनकामाचे शब्द

आमची काकू सरपंच झाली आणि ग्रामपंचायतीच्या बोर्डावर नाव आलं काकांचं. आता तुम्ही म्हणाल, त्यात काय नवल, आमच्याकडं पण असंच हाय. असंल बाबा. पण आमच्याकडं त्याला तांत्रिक कारण होतं, आणि त्या तांत्रिक कारणापायी माझा अख्खा जानेवारी पाण्यात गेला, म्हणून सांगतेय.

बोर्ड म्हणजे तो लाल अक्षरं पळणारा. कुठल्याशा योजनेतून आला आणि ग्रामपंचायतीच्या दारावर बसला. त्याच्यावर दिवसभर संदेश पळत असतात. घरपट्टी भरा, लेकरांना डोस पाजा, हयात लाभार्थ्यांनी दाखला घेऊन स्वतः हजर राहावे. पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारी जवळ आली की ध्वजारोहण सरपंच अमुक अमुक यांच्या हस्ते. हे अमुक अमुक म्हणजे काका. जागा महिलेसाठी राखीव, अर्ज काकूचा, गुलाल काकूवर, सह्या काकूच्या, आणि नाव पळणार काकांचं.

काका वाईट माणूस नाही, हे आधीच सांगते. कुणाच्याही लग्नात हा माणूस पंगतीत शेवटपर्यंत वाढत उभा राहतो. पण माईक दिसला की त्यांचा हात आपोआप पुढं जातो, आणि एकदा गेला की परत येत नाही.

काकूनं हे सगळं चालवून घेतलं होतं. घोळ झाला तो तिच्या आईपायी. काकूचं माहेर जिंतूरकडचं. गेल्या पंधरा ऑगस्टला म्हातारी दोन एसट्या बदलून लेकीचा झेंडा बघायला आली. म्हातारी चौथी शिकलेली, वाचता येतं, तिथंच वांधा झाला. बोर्डाखाली उभी राहून एकेक अक्षर लावत तिनं वाचलं आणि साऱ्या गावासमोर विचारलं, "आगं, तू तर मनलीस मी सरपंच झाले. हे तर जावयाचं नाव हाय."

म्हातारी माहेरी जाऊन सांगत सुटली, की सरपंच जावई हाय, आमची पोरगी नुसती खुर्ची पुसती आन आमाला थापा मारती. भावजयांना तेवढंच पाहिजे होतं. काकूनं माहेरचे फोन उचलणं सोडून दिलं. आणि आता सव्वीस जानेवारीला म्हातारी परत येणार होती.

"ह्या बारीला माझं नाव पळालं पायजे," काकूनं काकांना बजावलं. "माझ्या आईनं ते वाचलं पायजे. न्हाईतर मी झेंड्याला येत न्हाई. तुमीच लुगडं नेसून जावा."

"माझी ना हाय का?" काका म्हणाले. "पण मेमरीत जागाच न्हाई त्याला मी काय करू? कंपनीच्या माणसानंच सांगितलंय, आता एक काना बी बसायचा न्हाई."

कंपनीचा माणूस बोर्ड लावून, पैसे घेऊन जो गेला तो गेलाच. त्याचा फोन लागेना. म्हणून मला बोलावणं आलं. मी ह्यांची पुतणी. परभणीत घरी बसून पुण्याच्या एका कंपनीसाठी प्रोग्राम लिहिते. गावात समज असा, की पोरगी टायपिंग करती. काका फोनवर म्हणाले, "तुझ्या टायपिंगमध्ये काही बसतंय का बघ बरं."

मी तापट आहे, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. पण काकूचा शब्द मोडवत नाही. स्कूटी काढली आणि ताडकळस रोडनं गावी गेले. ग्रामसेवकांनी स्टुलावर चढून बोर्डाच्या पाठीची डबी उघडली आणि मी आतलं सगळं लॅपटॉपवर उतरवून घेतलं.

त्या बोर्डाचं पोट एवढंसं. साध्या मोबाईलमधला एक फोटोसुद्धा त्यात मावणार नाही. म्हणून बनवणाऱ्यानं शब्द दाबून-चेपून बसवले होते. एका फायलीत नुसते शब्द, एकामागं एक, मध्ये सुई जाईल एवढी फट नाही. दुसऱ्या फायलीत संदेश, पण त्या संदेशांत अक्षर औषधालाही नाही, नुसते नंबर. शब्द एकदाच लिहायचा आणि लागेल तिथं फक्त त्याचा नंबर द्यायचा, म्हणजे जागा वाचते.

काकूला मी मिसळणाचा डबा पुढं ठेवून समजावलं. पहिल्या वाटीत मोहरी, दुसरीत जिरं, तिसरीत हळद. मी कागदावर फक्त एक आणि तीन लिहिलं की तुम्ही भाजीत मोहरी-हळद टाकणार. बोर्डाचा स्वयंपाक असाच चालतो. आता जी वाटी कुठल्याच भाजीला लागत नाही, ती काढून टाकायची, म्हणजे तुमच्या नावाला जागा होईल. एवढंच काम.

"मग काढ की," काकू म्हणाली. "कशाची वाट बघायलीस?"

मी एक लहानसा प्रोग्राम लिहिला. तो प्रत्येक संदेश वाचतो, त्यातले नंबर टिपतो, आणि ज्या शब्दाकडं एकही संदेश बोट दाखवत नाही तो बाजूला काढतो. चालवला आणि बघते तर काय, निम्मे शब्द बिनवापराचे. आणि शब्द तरी कसले! समुद्र. भरती. ओहोटी. मच्छीमार बांधवांनी होड्या किनाऱ्यावर घ्याव्यात. बोर्ड कुठल्यातरी कोकणातल्या गावासाठी बनवलेला होता आणि तसाच उचलून आमच्या परभणी जिल्ह्यात आणून टांगला होता. आमच्याकडं होडी बघायची तर गोदावरीकाठी जावं लागतं, आणि तिथंही पाणी असलं तर.

मला वाटलं, झालं काम, संध्याकाळच्या आत घरी. तर काका म्हणाले, "असं कसं? सरकारी मालमत्ता हाय ती. त्यातला शब्द काढायचा तर ग्रामसभा घ्यावी लागंल."

ग्रामसेवकांनी लगेच मान डोलावली. जिम्मा दुसऱ्यावर जात असला की त्यांची मान फार हलकी असते.

ग्रामसभा मारुतीच्या पारावर भरली. एरवी कोरम भरायला घरोघर फिरावं लागतं. पण शब्द काढायलेत म्हटल्यावर सारं गाव लोटलं. काकू अध्यक्षांच्या खुर्चीत, शेजारी काका, माईक काकांच्या हातात. मी उभी राहून एकेक शब्द वाचायचा आणि गावानं हो म्हणायचं, असं ठरलं.

"समुद्र," मी म्हणाले. "काढू ना?"

"कशाला खामखा काढायचा?" एक जण उठला. "ऱ्हाऊ दे की. कवा कामाला येईल सांगता येत न्हाई."

"समुद्र? परभणीला?"

"दुधनेला पूर आला होता तवा काय वेगळं दिसत होतं का?"

समुद्र राहिला. मी टँकर वाचला. गेली काही वर्षं गावात टँकर आला नव्हता, म्हणून तो शब्द पडून होता. बायकांच्या बाजूनं एकदम गलका उठला. टँकर काढला आणि उन्हाळ्यात विहिरी आटल्या तर? तहसीलवाले म्हणतील, तुमच्या बोर्डावरच टँकर न्हाई तर आमच्याकडं कुठून असंल. टँकरही राहिला.

मग दुष्काळ आला. एक गट म्हणाला, काढा बाई, अपशकुनी शब्द, कशाला दारावर ठेवायचा. दुसरा गट म्हणाला, बिलकुल हात लावायचा न्हाई, दुष्काळ गेला की त्याच्या मागोमाग अनुदान गेलं. ह्यावर चांगलीच जुंपली. शेवटी तडजोड निघाली की कोरडा दुष्काळ काढावा आणि ओला ठेवावा. तेवढ्यात कोरडवाहूवाले उठले आणि कोरडाही राहिला. हागणदारी वाचला तर काका स्वतः माईकवर म्हणाले, की गावाला हागणदारीमुक्त म्हणून प्रमाणपत्र मिळालेलं आहे. त्यातली हागणदारी काढली तर गाव नुसतंच मुक्त राहील, आणि कशापासून मुक्त ते कुणालाच कळायचं न्हाई. टाळ्या पडल्या.

माझं डोकं फिरलं. मी ओरडले, "आवो, पण हे शब्द वापरात न्हाईत! ह्यांचा कुणाला उपयोगच न्हाई!"

मागं भिंतीला टेकून एक म्हातारे बसले होते. ते शांतपणे म्हणाले, "पोरी, वापरात तर मी बी न्हाई. मला बी काढतीस का?"

गाव हसता हसता लोळायचं बाकी राहिलं. यादीचं पहिलं पानसुद्धा संपलं नव्हतं आणि ऊन पारावरून उतरलं होतं. शेवटी एकच शब्द असा निघाला ज्याच्यासाठी कुणी उठलं नाही. एसटीडी. गावात पूर्वी एसटीडीचा बूथ होता, पण बूथवाला पुण्याला राहायला गेला होता, सभेत त्याचा वाली कुणी नव्हता. एसटीडी मेला.

"एवढ्यात नाव मावंल का?" काकूनं हळूच विचारलं.

"सौ. सुद्धा धड मावायचं न्हाई," मी म्हणाले.

पण गावाचं म्हणणं पडलं, आधी हा एक काढून बघा, बोर्ड नीट चालतो का ते बघू, मग बाकीच्यांचं ठरवू. शितावरून भाताची परीक्षा. तसा ठराव झाला, की वापरात नसलेले शब्द ग्रामसभेच्या मान्यतेनं, सावकाश, काढण्यात यावेत. सावकाश हा शब्द काकांनी घालायला लावला.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. रेशनच्या रांगेतून एक माणूस निघून गेला की मागचे सगळे एकेक पाऊल पुढं सरकतात. एसटीडी काढला की त्याच्या मागच्या प्रत्येक शब्दाचा नंबर एकानं बदलणार. म्हणून संदेशांतले नंबरही बदलायला पाहिजेत. ते मी बदलले. दोन्ही फायली पेनड्राइव्हवर टाकून पेनड्राइव्ह काकांच्या हातात दिला आणि ग्रामसेवकांना फोनवर निक्षून सांगितलं, दोन्ही टाका. माझी परभणीत कंपनीची मीटिंग होती, मी थांबू शकत नव्हते.

"टाकलं म्याडम," ग्रामसेवकांचा फोन आला. "एकदम ओके."

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणवाडीच्या बाईंचा फोन. "तुमच्या मशीनला काय झालंय? माझ्या दारात बैल आलाय!"

मीटिंग तशीच सोडून पळाले. अंगणवाडीसमोर खरंच एक जण गोऱ्हा धरून उभा होता. आतली लेकरं खिडकीतून त्याच्याकडं बघत होती आणि तो लेकरांकडं. बोर्डावर पळत होतं, पाच वर्षांखालील बैलांना डोस पाजण्यात येईल.

"पाच वर्षांखालचाच हाय," तो मला म्हणाला. "चार दाती हाय, बघा पायजे तर." आणि त्यानं गोऱ्ह्याचं तोंड उघडून मला दात दाखवले.

"दादा, डोस लेकरांचा असतोय."

"ते मलाबी कळतंय. पण बोर्ड सरकारी हाय ना? लंपीच्या वखताला लस द्यायची मनून आमी आणलीच होती की जनावरं. सरकारनं बोलावलं, आमी आलो."

ग्रामपंचायतीत गेले तर तिथं दुसराच प्रकार. बोर्ड म्हणत होता, मयत लाभार्थ्यांनी दाखला घेऊन स्वतः हजर राहावे. आणि ह्याचं कुणालाही, खरं सांगते, कुणालाही काहीच नवल वाटलं नव्हतं. सरकारी कामात असं असतंच, म्हणून लोक निमूट तयारीला लागले होते. एक जण वडिलांचा हार घातलेला फोटो घेऊन रांगेत उभा होता. "स्वतः तर येऊ शकत न्हाईत," तो ग्रामसेवकांना सांगत होता, "फोटो चालंल का?" आणि ग्रामसेवक, नुसत्या सवयीनं, वर न बघता म्हणाले, "दोन झेरॉक्स लागतील."

काय झालं होतं ते मला तिथंच कळलं. ग्रामसेवकांनी शब्दांची फाईल टाकली होती आणि नंबरांची टाकलीच नव्हती. एसटीडीच्या आधीचे शब्द जागेवर होते, मागचे एकेक पाऊल पुढं सरकले, नंबर होते तिथंच राहिले. बालकांना ह्या शब्दाच्या मागं बैलांना होता, हयातच्या मागं मयत होता. मागचा पुढं आला.

"दोन्ही टाका म्हणून बोंबलून सांगितलं होतं ना मी?"

"म्याडम, दुसरीत नुसते आकडे होते," ग्रामसेवक म्हणाले. "आकड्यांच्या फायलीला हात लावला की ऑडिट लागतंय. तुमचं काय जातंय, नोकरी माझी जाईल."

मी तोंड उघडणार तेवढ्यात बाहेरून आरडाओरडा ऐकू आला. लोक बोर्डाकडं बोट दाखवत होते. काकू घरून तशीच आली होती, हाताला भाकरीचं पीठ, आणि मान वर करून उभी होती. बोर्डावर पळत होतं, ध्वजारोहण सरपंच, आणि त्यापुढं काकूचं नाव. सौ. पासून आडनावापर्यंत, पूर्ण.

काकू तेच वाचत होती. नाव सरकून भिंतीत गेलं की थांबायची, आणि दुसरे संदेश संपून परत आलं की परत वाचायची.

मी लॅपटॉप उघडला आणि शब्दांची फाईल, कधी नव्हे ती, शेवटपर्यंत उतरत गेले. तिथं होतं. काकांच्या नावाच्या बरोबर मागं, अख्खं नाव एकच शब्द धरून. निवडणुकीच्या निकालानंतर बोर्ड लावताना कंपनीच्या माणसानं सगळ्यांची नावं भरली तेव्हा काकूचंही भरलं होतं. फक्त एकाही संदेशात त्याचा नंबर नव्हता. जागा नाही हे काकांचं म्हणणं खरं होतं. त्या जागेत काकूचंच नाव बसलेलं होतं. आणि माझा प्रोग्राम, बिनकामाचे शब्द हुडकणारा, त्यानं तेही इमानेइतबारे बिनकामाच्या यादीत शेवटी नेऊन ठेवलं होतं. गावानं टँकर, समुद्र आणि हागणदारीसाठी भांडण केलं नसतं तर मी ते माझ्याच हातानं काढून टाकलं असतं.

"काखेत कळसा आन गावाला वळसा," कुणीतरी म्हणालं.

"मला काय म्हाईत ते आत हाय मनून!" काका ओरडले. "पोखर्णीच्या नरसिंहाची आण! कंपनीच्या माणसानं इचारलं कुणाचं पळवू, मी मनलं माझं पळवा, लोकं मला वळखतात. तिचं बी आत टाकलंय हे तो बोलला न्हाई." मग आवाज खाली आणून मला म्हणाले, "आता तू हे दुरुस्त कर बाई. मशीन बिघडलंय. मेल्या माणसांना बोलवायलंय."

"करते. बैल काढते, मयत काढते. काकूचं नाव तसंच राहील."

"ते कसं? बिघाड तो बिघाड. एक संदेश बिघडलेला ठेवायचा आन बाकीचे नीट करायचे, असं कुठं असतंय व्हय?"

"नियमानं सगळेच नीट करावे लागतील," ग्रामसेवकांनी मान हलकी केली.

आता बघा, माणसाचं डोकं कसं गरगरतं. त्या दिवशी बोर्डावर एकच संदेश खरा होता, आणि तो चुकून खरा झाला होता. काकांचं नाव म्हणजे नीट आणि काकूचं नाव म्हणजे बिघाड, ह्यावर दोन शहाणी माणसं माझ्याशी वाद घालत होती, आणि सभोवार उभं असलेलं गाव विचारात पडलं होतं. मला रडू येईना आणि हसूही येईना.

काकूनं हाताचं पीठ पदराला पुसलं. "मी सरपंच हाय का न्हाई?" तिनं ग्रामसेवकांना विचारलं.

"हाव की, ताई."

"मग लिहा. ते एक बिघडलेलंच ऱ्हाऊ द्या."

ग्रामसेवकांनी खरंच लिहिलं. ध्वजारोहणाचा संदेश बिघडलेल्या अवस्थेत कायम ठेवण्यात यावा. काकूनं खाली सही केली. वर तिनं आणखी सांगितलं, की जिथं जिथं सरपंच येतंय तिथं तिथं असंच बिघडवून टाक.

मी नंबर बदलले. एवढंच करायचं होतं. काकांच्या नंबराऐवजी काकूचा. एक अक्षर वाढलं नाही, एक शब्द काढावा लागला नाही, मेमरीचा कण लागला नाही. ह्यासाठी ग्रामसभा झाली होती, दुष्काळावर भांडण झालं होतं, आणि एका गोऱ्ह्याचे दात मला बघावे लागले होते. ह्या खेपेला दोन्ही फायली मी स्टुलावर चढून स्वतः टाकल्या. बैल गेले, लेकरं आली. हार घातलेला फोटो घरी गेला.

सवयीनं मी प्रोग्राम परत एकदा चालवला. "एक शब्द नव्यानं बिनवापराचा झालाय," मी म्हणाले.

"कुठला?" काकांनी विचारलं.

"तुमचं नाव. आता कुठल्याच संदेशात न्हाई. ठरावात बसतंय. काढू का?"

काकांचा चेहरा बघवेना. ग्रामसेवक आभाळाकडं बघत राहिले. काका घसा साफ करून म्हणाले, "ऱ्हाऊ दे की. कवा कामाला येईल सांगता येत न्हाई."

"ऱ्हाऊ दे," काकू म्हणाली. तिला काही पडलं नव्हतं, ती बोर्डाकडं बघत होती. काकांनी मग स्वतःची समजूत काढली. "तसंबी तिच्या नावात मधी मीच हाय," ते चहा पिता पिता म्हणाले. ते खरंच होतं.

सव्वीस जानेवारीला सकाळी म्हातारी आली. आदल्या रात्री मुक्कामाला ये म्हटलं तर आली नाही, थापाड्या लेकीच्या घरी काय राहायचं म्हणाली. शाळेची पोरं रांगेत उभी होती, झेंडा बांधून तयार होता, गुरुजींच्या टेबलावर जिलेबीच्या पुड्या रचलेल्या. काकूनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. ती आईला हाताला धरून थेट बोर्डाखाली घेऊन गेली.

"वाच," ती म्हणाली.

म्हातारीनं डोळ्यांवर हात धरला. अक्षरं पळत होती, तिला लावायला वेळ लागत होता. अर्धं लागायचं आणि नाव पळून जायचं. मग सगळे संदेश संपेपर्यंत दोघी थांबायच्या. झेंड्याजवळून काका खुणा करत होते, वेळ होत आली होती, काकू ढिम्म हलली नाही. शेवटी म्हातारीला सगळं लागलं. तिनं लेकीकडं बघितलं.

"ही कोण?"

"मीच की गं आई!"

"तू?" म्हातारीला खरंच कळेना. मग माझ्या ध्यानात आलं. काकूचं हे नाव सासरचं. लग्नात ताटात तांदूळ पसरून काकांनी अंगठीनं लिहिलेलं. त्या दिवसापासून ते चाललं, कागदावर, मतदार यादीत, सगळीकडं. पण म्हातारीच्या तोंडात ते कधी बसलंच नव्हतं. माहेरी काकू आपली जुन्या नावाचीच होती.

"सौ. त्यांचं," म्हातारी बोर्डाकडं बोट करून म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, ती नुसती हुडकत होती. "पयलं नाव त्यांनी ठेवलेलं. मधलं त्यांचं. आडनाव त्यांचं. मग ह्यात माझी पोरगी कुठं हाय?"

काकूनं बोर्डाकडं बघितलं. इतके दिवस त्या चार शब्दांसाठी तिनं साऱ्या घराला हैराण केलं होतं, आणि आता ती ते अशी वाचत होती, जसं कुणा दुसरीचंच असावं. मला फार वाईट वाटलं. मी तिची पुतणी, तिच्या हातचं खाऊन वाढलेली, आणि तिचं माहेरचं नाव मलाही ठाऊक नव्हतं. काकू, बस.

"आगं, चल की!" काका झेंड्याजवळून ओरडले. "पोरं उन्हात उभी हायेत."

"थांबा," काकू म्हणाली.

"झेंडा हाय तो, थांबा काय मनतीस!"

"झेंडा मीच लावणार हाय ना? मग थांबा." आणि माझ्याकडं वळून ती म्हणाली, "ते त्या दिशी वापरात न्हाई मनलीस ते, ह्यांचं नाव. काढ."

मी जिलेबीच्या पुड्या बाजूला सारून गुरुजींच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. काकूनं वाकून माझ्या कानात तिचं नाव सांगितलं. दोनच अक्षरांचं होतं. काकांची जागा रिकामी करून मी ते तिथं बसवलं, ध्वजारोहणाच्या संदेशात त्याचा नंबर दिला, आणि बसवूनही केवढी तरी जागा उरली.